सर्व वाद्ये एकट्याने

आमच्या दादाने वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी गाण्यांचा अल्बम काढला. तो कसा झालाय, असं लोक मला विचारतात आणि मी दरवेळी वेगळं उत्तर देते. विचारणारा नुसता ओळखीचा असला तर "छान आहे" म्हणते, जवळचा असला तर "तूच ऐक" म्हणते आणि वहिनीने विचारलं तर विषय बदलते. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर असते. पेशंटना वेळा देणं, घाबरलेल्यांना पाणी देणं आणि डॉक्टरांचा पारा चढू न देणं, हे माझं काम. तरीही या अल्बमच्या कव्हरवर जे छापलंय, त्यातल्या एका ओळीचा जाब उद्या कुणी विचारला तर तो मलाच द्यावा लागेल.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. एकतीस वर्षं झाली. कंपनीचा निळा शर्ट, खिशात टॉर्च, कमरेला चाव्यांचा जुडगा. ज्या इमारतींत तो जातो तिथे त्याला सगळे "लिफ्टवाले" म्हणतात. लिफ्टच्या टपावर, दोन मजल्यांच्या मध्ये, तो तासन्‌तास एकटा बसतो आणि तपासणी करता करता गुणगुणतो. तिथे आवाज असा काही घुमतो, की साधं "पाना दे" म्हटलं तरी वजनदार वाटतं. जुन्या रॉकच्या तबकड्यांवर गाणाऱ्याचा आवाज लांबच्या रिकाम्या खोलीतून आल्यासारखा येतो. दादाला अल्बमसाठी तसाच आवाज हवा होता. पठ्ठ्याने माइक तळाशी ठेवला, स्वतः चौथ्या मजल्याच्या उंचीवर टपावर बसला आणि तपासणीच्या वेळात अकराच्या अकरा गाणी गाऊन घेतली. पाचव्या मजल्यावरच्या एका आजींनी कंपनीकडे तक्रार केली, की लिफ्ट कण्हते. तक्रार फिरत फिरत दादाकडेच आली. त्याने जाऊन पाहणी केली आणि कागदावर लिहून दिलं, "आवाज सापडला, आता येणार नाही."

गाणी म्हणाल तर पॉपच. तीन-साडेतीन मिनिटांची, भांडी घासताना आपोआप ओठांवर येतील अशी. पण बाज सगळा आमच्या तरुणपणीच्या रॉकचा. पुढे खरखरीत गिटार, मागे भरदार ड्रम, आणि मध्येच गाणारा दमला की काय, म्हणून गिटार एकटीच मिनिटभर बोलत राहते. एक गाणं लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईचं आहे, तिला बाहेर यायचंच नसतं. एक वहिनीवर आहे. ते आपल्यावर आहे हे तिला अजून कळलेलं नाही आणि मी काही सांगणार नाही. अल्बमचं नाव "बंद आहे, जिना वापरा". असल्या नावाची तबकडी कोण घरात आणील, असं वहिनीने विचारलं होतं, तर दादा म्हणाला, जिने चढून दमलेली माणसं आणतील.

हे सगळं त्याने एकट्याने केलं. गिटार, बेस गिटार, ऑर्गन, ड्रम, गाणं, सगळं. मुलगी लग्न होऊन गेल्यावर तिची खोली रिकामी झाली होती. त्या खोलीच्या भिंतींना त्याने जुन्या गाद्या लावल्या. तीनशे तबकड्या काढायच्या ठरल्या आणि कव्हरवर मागच्या बाजूला एकच ओळ हवी होती, "सर्व वाद्ये एकट्याने." गाण्यांचे शब्द त्याने शेवटपर्यंत बदलले. ही ओळ मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. त्या ओळीसाठीच त्याने अल्बम काढला असं म्हटलं तरी चालेल, कारण ती ओळ धाकट्यासाठी होती.

धाकटा म्हणजे आमचा सगळ्यात लहान भाऊ. आम्ही तिघं. दादा, मधली मी, आणि हा. दादा मला अजूनही "मधले" म्हणूनच हाक मारतो. दादा आणि धाकटा पंधरा वर्षं एकत्र वाजवायचे. दादा गिटारवर, धाकटा ड्रमवर, आणि बाकी जो मिळेल तो. हॉटेलांत, शाळांच्या गॅदरिंगला, कुणाच्या लग्नात. धाकटा वाजवायचा झकास, पण म्हणे किंचित मागे राहायचा. ठोका जिथे पडायला हवा तिथून केसभर उशिरा. मला तो उशीर कधी ऐकू आला नाही, पण दादाला दुसरं काही ऐकूच यायचं नाही. एका मोठ्या कार्यक्रमाच्या आधी दादाने गुपचूप ताल वाजवणारं मशीन आणलं आणि स्टेजवर सगळ्यांसमोर धाकट्याला सांगितलं, "तू आज बस खाली. तुझ्या हाताला घड्याळ नाही." धाकटा स्टेजवरून उतरला, सरळ बाहेर गेला, आणि एकोणीस वर्षं दादाशी बोलला नाही.

तो आता बेकरीत भट्टी सांभाळतो. दोघांची घरं पाऊण तासाच्या अंतरावर. आई-बाबा गेले तेव्हाही दोघं एकाच खोलीत दोन कोपऱ्यांत उभे होते, आणि मध्ये अर्थातच मी. याचा निरोप त्याला, त्याचा निरोप याला. धाकट्याच्या बोलण्यात दादाचं नाव "तो" आणि दादाच्या बोलण्यात धाकट्याचं नाव "तुझा भाऊ". जणू मी त्याला कुठून तरी उचलून आणला होता.

तर तबकड्या निघायच्या महिनाभर आधी दादाने मला गाणी फोनवर पाठवली आणि बजावलं, की कुणाला ऐकवू नकोस. मी ती त्याच दिवशी धाकट्याला पाठवली. माझाच आगाऊपणा, दुसरं काय. मला वाटलं, गाणी ऐकून तरी विरघळेल. दुसऱ्या दिवशी मी एका पेशंटला कवळीची तारीख देत होते, तेव्हा त्याचा फोन आला. आवाज थंड होता.

"ताई, ड्रम कोणी वाजवलेत?"

मी म्हणाले, दादानेच, सगळं त्यानेच वाजवलंय.

"खोटं आहे. तो मी आहे. मला माझा हात कळत नाही का?"

त्याचं म्हणणं असं, की आमच्या जुन्या घरी धाकटा एकटा सराव करायचा तेव्हा भरलेल्या कॅसेट दादाकडे आहेत, त्यांतले धाकट्याचे ड्रम त्याने उचलले आणि वर स्वतःची गिटार चढवली. वर सर्व वाद्ये एकट्याने म्हणून मिरवतोय. एक तर माझं नाव घाला, नाही तर माझं वाजवणं काढा, असा निरोप त्याने दिला, आणि तो पोचवायचं काम कुणाचं, हे सांगायला नको.

संध्याकाळी मी दादाकडे गेले. निरोप ऐकून तो आधी हसला. खूश होऊन हसला. म्हणाला, "म्हणजे जमलं!" आणि मग त्याने मला जे सांगितलं, ते मला दोनदा समजून घ्यावं लागलं.

नवी गाणी बांधताना त्याने आधी मशीनचाच ताल घेतला होता. सगळं घड्याळासारखं चोख, आणि ऐकताना जीव नाही. गाणं उभंच राहीना. मग त्याने माळ्यावरून जुन्या कॅसेट काढल्या, त्यांतले धाकट्याचे ड्रम लावून ठेवले, त्यावर गाणं म्हणून पाहिलं, आणि गाणं लागलीच उभं राहिलं. तो केसभर उशीर होता ना, त्यावरच सगळं तोललेलं होतं. हे धाकट्याला जाऊन सांगायचं सोडून या शहाण्याने काय करावं? त्याने ड्रम विकत आणले आणि दोन वर्षं त्या उशिराचा सराव केला. कानाला धाकटा लावायचा, वर स्वतः वाजवायचं, दोन्ही ठोके एकमेकांत मिसळून एकच वाटेपर्यंत. मग धाकटा पुसायचा आणि स्वतःचं ठेवायचं. अकरा गाण्यांत अकरा वेळा.

"म्हणजे अल्बमवर तूच आहेस," मी म्हणाले.

"मीच आहे," तो म्हणाला. मग कंप्युटरसमोर बसला, पाचवं गाणं उघडलं, आणि बराच वेळ नुसता पाहत राहिला. मी विचारलं काय झालं. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. ड्रमच्या प्रत्येक तुकड्याला नाव दिलेलं होतं. "धाकटा १." "धाकटा २." "धाकटा खरा." "धाकटा शेवटचा." "धाकटा शेवटचा, हाच."

मी म्हटलं, यातला तू कुठला?

तर म्हणाला, वाजवताना मी धाकटाच असायचो, म्हणून माझ्या तुकड्यांनाही तेच नाव दिलं. पुसताना लक्षात राहायचं. पण पाचव्या गाण्याच्या वेळी मी आठवडाभर आजारी होतो, नंतर येऊन भराभर पुसापुशी केली, आणि आता यातलं कुठलं राहिलं, ते सांगता येत नाही. मी म्हटलं, जुन्या कॅसेटची खरखर तरी ऐकू येईल की. त्यावर त्याचा चेहरा आणखीच पडला. जुना बाज यावा म्हणून त्याने अख्खा अल्बमच त्याच जुन्या कॅसेटवर उतरवून परत घेतला होता, त्यात त्यांवरचा मूळ धाकटाही पुसला गेला. खरखर सगळीकडे सारखीच.

माणूस लिफ्टच्या तारा डोळे मिटून ओळखतो आणि स्वतःचा हात ओळखत नाही. मला त्याचा रागही आला आणि कीवही. पाचवं गाणं काढून टाक म्हटलं, तर म्हणाला, "आणि बाकीच्यांत अशी चूक झालीच नसेल कशावरून?" कव्हरचा मजकूर छापखान्यात शनिवारी दुपारी चारपर्यंत कळवायचा होता. मंगळवार उजाडला, बुधवार गेला, आणि दादा कामावरून आला की सगळ्या गाण्यांचे ड्रम पुन्हा पुन्हा ऐकत बसायचा. वहिनी म्हणाली, जेवताना बोटं ताटावर वाजवतात आणि स्वतःच दचकून थांबतात. ती ओळ खोटी ठरली तर सगळा अल्बम पाण्यात, असं त्याने मला फोनवर सांगितलं. एकोणीस वर्षं तुझ्यावाचून अडलं नाही, एवढं त्याला त्या ओळीतून म्हणायचं होतं. आता तेच म्हणता येत नव्हतं.

शेवटी मीच धाकट्याला म्हणाले, बाबा, तुला तुझा हात कळतो ना, मग येऊन दाखव कुठला तुझा. तो येणार नाही अशी माझी खात्री होती. शनिवारी दुपारी दोन वाजता तो दादाच्या दारात उभा होता. बेकरीतून तसाच आलेला, भुवयांवर पीठ. दादाने "ये" म्हटलं नाही, नुसता बाजूला सरकला.

आम्ही चौघं त्या गादीवाल्या खोलीत बसलो. दादा, धाकटा, मी आणि वहिनी. वहिनी चहा घेऊन आली होती, ती उठलीच नाही. दादाने सगळी गाणी ओळीने लावली. धाकटा भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. पाचवं लागलं तेव्हा आमचा जीव टांगणीला. तो मान हलवून म्हणाला, "हे माझं नाही. हात आखडलेला आहे. हे याने वाजवलंय." दादाने सुटकेचा श्वास टाकला. मग सातवं लागलं, ते लिफ्टमधल्या बाईवालं, आणि धाकटा एकदम ताठ झाला.

"हे. हा मी. हे मला कुणी शिकवायला नको. पैजेवर सांगतो."

"अहो भावोजी," वहिनी म्हणाली, "मध्ये ते तीन ठोके ऐकू आले ना, दार वाजवल्यासारखे? ते माझे. यांना कंपनीचा फोन आलाय म्हणून सांगायला आले होते. याच वर्षी, शाळांचे पेपर झाले त्या आठवड्यात."

दादाने गाणं मागे नेऊन परत लावलं. ऐन मध्यात, सगळं थांबतं तिथे, टक टक टक. तालात पडले म्हणून त्याने ते ठेवून दिले होते. त्या ठोक्यांपाठोपाठ वाजणारा ड्रम दादाचाच होता, त्यात शंकाच नव्हती. धाकट्याचा चेहरा पडला. जे नक्की दादाचं, ते त्याला स्वतःचं वाटलं होतं. मग जे स्वतःचं नाही म्हणाला, त्याचं काय? आता पाचवं गाणं कुणाचं, हे आधीपेक्षाही कुणाला कळेना. मला तर आपण इथे कशाला जमलोय तेच आठवेना.

"काठ्या दे," धाकटा म्हणाला.

तो ड्रमसमोर बसला. एकोणीस वर्षांनी. बाह्या सरसावल्या, आणि दादाने सातवं गाणं ड्रम काढून लावलं. धाकटा वाजवायला लागला. मला विचाराल तर उत्तम वाजवलं. दणदणीत, एकही ठोका इकडचा तिकडे नाही. वहिनीने "छान" म्हटलं. दादाकडे पाहिलं, तर तो खालच्या मानेने उभा होता.

"हे कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"हे असं. वेळेवर."

धाकट्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. पहिल्यांदा त्याने दादाकडे सरळ पाहिलं. "तू बोललास तेव्हापासून. भट्टीला टिकटिक करणारं घड्याळ आहे. ब्रेड आत गेला की मी पिठाच्या पोत्यावर वाजवत बसतो. रोज. आता नाही चुकत."

दादा भिंतीच्या गादीला टेकून खाली बसला. मला सगळं उशिरा कळतं, तसं हेही कळलं. ज्या उशिरासाठी याने त्याला स्टेजवरून उतरवलं, तो उशीर याने दोन वर्षं घासून शिकून घेतला, आणि त्याने एकोणीस वर्षं घासून पुसून टाकला. दोघांना धरून बदडावं असं वाटलं.

मग दादा उठला, काठ्या घेतल्या आणि स्वतः बसला. म्हणाला, "तू असं वाजवायचास." आणि वाजवलं. मला दोन्हींत फरक सांगता आला नसता, पण धाकट्याच्या चेहऱ्यावर तो दिसला. कुणी आपलाच लहानपणचा फोटो हातात द्यावा आणि आपल्याला ते पोर ओळखू येऊ नये, तसं काही तरी.

पावणेचार वाजले होते. छापखानेवाल्याचा फोन आला, तो मी घेतला, कारण फोन घेणं माझ्या हाताला लागलेलं आहे. तो म्हणाला, ताई, मजकूर तोच ठेवू ना, सर्व वाद्ये एकट्याने? मी दोघांकडे पाहिलं.

दादा म्हणाला, "नाही. ड्रमवर याचं नाव टाक. सगळ्या गाण्यांवर."

"माझं कशाला?" धाकटा म्हणाला. "मी असा वाजवत नाही. मी कधीच असा वाजवत नव्हतो, हे तुझ्याच डोक्यातलं आहे."

"असाच वाजवायचास."

"नव्हतो."

आठवडाभर याला नाव हवं होतं आणि तो देत नव्हता. आता तो देतोय आणि याला नको. फोनवर छापखानेवाला हॅलो हॅलो करतोय. धाकटा माझ्याकडे वळला. एवढा बावन्न वर्षांचा माणूस, भुवयांवर पीठ, आणि डोळ्यांत पाणी.

"ताई, तू सांग. तू होतीस घरी. मी असा वाजवायचो?"

खरं सांगू? मला आठवत नाही. ते दोघं वाजवायला बसले, की मी दार लावून घ्यायची आणि कानांत कापूस घालून अभ्यास करायची. त्या पंधरा वर्षांतलं त्यांचं एकही गाणं मी नीट ऐकलेलं नाही. स्टेजवरच्या त्या दिवशीसुद्धा मी गेले नव्हते, सगळं नंतर दोघांकडून वेगवेगळं ऐकलं. दादा माझ्याकडे पाहत होता. तोही श्वास रोखून होता, कारण माझ्या उत्तरावर त्याची दोन वर्षं होती. "माहीत नाही" म्हणणं एवढंच माझ्याकडे खरं होतं.

"हो," मी म्हणाले. "हुबेहूब असाच."

धाकटा नाक पुसून म्हणाला, "दादा, परत वाजव. जरा सावकाश." मी खोलीबाहेर आले आणि छापखानेवाल्याला सांगितलं, लिहून घ्या, ड्रमसाठी धाकट्या भावाचं नाव, अकराही गाण्यांना.

तीनशे कव्हरांवर आता तसंच छापलेलं आहे. धाकटा दर शनिवारी दादाकडे येतो आणि स्वतःसारखं वाजवायला शिकतो. अजून जमत नाही त्याला, अगदी वेळेवर पडतो. दोघांनीही मला परत कधी काही विचारलं नाही, आणि मी त्या दिवशी चांगलं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही.